घटक ४ : वतन, घराणे आणि जमीन – वारसाहक्काच्या शब्दांचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला :
• 'वतन' या शब्दाचा मूळ अर्थ व मराठीत झालेले अर्थपरिवर्तन स्पष्ट करता येईल.
• दक्षिण कोकणातील वतनदार घराण्यांच्या संदर्भात आडनाव, पदनाम व स्थलनाम यांचे परस्परसंबंध सांगता येतील.
• नॉर्मन विजयानंतरची इंग्रजी आणि फारसी अंमलाखालची मराठी यांच्या शब्दसंग्रहातील साम्य व भेद दाखवता येतील.
• जमिनीच्या कागदपत्रातील शब्द वाचताना 'येथे कोणाची नोंद आहे आणि कोणाची नाही' हा प्रश्न विचारता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थांतर हे अर्थपरिवर्तनाचे प्रकार तुम्हाला परिचित आहेत. ते शिकताना आपण बहुधा सुटे शब्द उदाहरणादाखल घेतो. या घटकात आपण एका संपूर्ण शब्दसमूहाचा विचार करणार आहोत. तो समूह म्हणजे वारशाने मिळणाऱ्या जमिनीचा आणि त्या जमिनीभोवती उभ्या राहिलेल्या घराण्यांचा.

हा विषय निवडण्याचे कारण तुमच्या घरातच आहे. मालवण तालुक्यातील कट्टा, पेंडूर, वराड या परिसरातील कोणत्याही घरात सातबाराचा उतारा असतो. त्यावर पणजोबांचे नाव असते, त्याखाली चुलत्यांची, चुलत भावांची, आत्यांची नावे असतात. त्यांतील निम्मी माणसे मुंबईस असतात. उताऱ्यावर भोगवटादार, सामाईक, कुळ, खंड, इतर हक्क असे शब्द असतात. हे शब्द आपण रोज ऐकतो, त्यांवरून घरात वाद होतात, क्वचित भाऊ भावाशी बोलेनासा होतो. तरीही हे शब्द कोठून आले आणि त्यांनी पूर्वी काय सांगितले, याचा विचार आपण सहसा करत नाही. भाषेच्या विद्यार्थ्याने तो करावयास हवा.

या विवेचनात आपण मध्येमध्ये दूरच्या एका उदाहरणाकडे वळू. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. त्याच्याबरोबर आलेल्या सरदार घराण्यांना इंग्लंडमधील जमिनी मिळाल्या. या घराण्यांना इतिहासात अँग्लो-नॉर्मन म्हणतात. त्यांची भाषा फ्रेंच होती, प्रजेची इंग्रजी. परक्या भाषेतून जमिनीचा कारभार चालला म्हणजे देशी भाषेत काय उरते, हे समजण्यास त्या उदाहरणाचा उपयोग होतो. आपला मुख्य विषय मात्र आपलाच प्रदेश आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ वतन : शब्द आणि संस्था

'वतन' हा शब्द अरबी आहे. मूळ भाषेत त्याचा अर्थ राहण्याचे ठिकाण, मायभूमी असा होतो. हिंदी-उर्दूत तो आजही 'देश' या अर्थाने वापरला जातो. मराठीत मात्र त्याने वेगळी वाट धरली. येथे वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा अधिकार, त्या अधिकाराबरोबरचे काम आणि त्या कामाच्या मोबदल्यात मिळणारे उत्पन्न. म्हणजे 'जेथे मी राहतो ती भूमी' या अर्थापासून 'जेथे माझा हक्क चालतो ती भूमी' आणि पुढे 'तो हक्कच' असा हा प्रवास झाला.

वतनाचे तीन घटक लक्षात ठेवा :
(अ) काम – सारा वसूल करणे, हिशेब ठेवणे, गावाची राखण करणे इत्यादी.
(आ) उत्पन्न – इनाम जमीन, वसुलातील ठरावीक भाग, निरनिराळ्या बाबींवरील हक्क.
(इ) मानपान – सण, जत्रा, लग्नकार्य यांतील अग्रमान.

देशावर देशमुख व देशपांडे ही परगण्याची, तर पाटील व कुलकर्णी ही गावाची वतने होती. दक्षिण कोकणात परगण्याच्या वतनदारास बहुधा देसाई आणि त्याच्या वतनास देसगत म्हणत. गावाच्या पातळीवर येथे खोत हा अधिकारी महत्त्वाचा ठरला.

वतन, इनाम आणि सरंजाम यांत गल्लत करू नये. इनाम म्हणजे बक्षीस दिलेली, साऱ्याची पूर्ण वा अंशतः माफी असलेली जमीन. सरंजाम हा फौज बाळगण्यासाठी दिलेला महसूल असे व तत्त्वतः तो वंशपरंपरागत नसे, व्यवहारात अनेकदा तसा होई. वतन मात्र तत्त्वतःच वंशपरंपरागत होते. राजा बदलला तरी वतनदार राहत असे. म्हणूनच राज्यकर्त्यांना वतनदार हवाही असे आणि नकोही असे. त्याच्यावाचून वसूल होत नसे, आणि त्याचे बळ वाढले तर राज्यालाच धोका होई.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात (इ. स. १७१५ च्या सुमारास) वतनदारांवर स्वतंत्र विवेचन आहे. वतनदार हे जणू लहान लहान राजेच आहेत, त्यांना फार वाढू देऊ नये आणि फार दुखवूही नये, असा त्याचा आशय आहे. शिवाजी महाराजांनी वतनदारांच्या सत्तेला आळा घातला होता. राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी झुंज चालू असताना, सरदार आपल्या बाजूस राहावेत म्हणून पुन्हा वतने द्यावी लागली. त्यानंतर लिहिलेल्या या ग्रंथात वतनाची चिंता दिसावी, हे स्वाभाविक आहे.

४.२.२ पदनामापासून राजपदापर्यंत : वाडीचे सावंत

वतनदार लहान राजा होऊ शकतो, याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे सावंतवाडीचे सावंत-भोसले घराणे. कुडाळ प्रांताची देसगत पूर्वी कुडाळच्या प्रभू घराण्याकडे होती. सतराव्या शतकात, विजापूरच्या आदिलशाहीच्या उत्तरकाळात, सावंतांनी त्यांना मागे सारून तो प्रदेश आपल्या ताब्यात घेतला. पुढे दीडशे वर्षे त्यांनी विजापूर, छत्रपती, पोर्तुगीज, कोल्हापूर आणि इंग्रज यांच्याशी कधी सख्य, कधी वैर करीत आपले संस्थान टिकवले. तिसरे खेमसावंत यांचा विवाह जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी झाला आणि त्या संबंधातून दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना 'राजेबहादर' हा किताब मिळाला. संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.

भाषेच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट किताबाची. राजे झाल्यावरही हे घराणे 'सरदेसाई' म्हणवून घेत राहिले. 'सर' हा फारसी शब्द, अर्थ 'मुख्य'. 'देसाई' या शब्दाची 'देशस्वामी' अशी व्युत्पत्ती दिली जाते. म्हणजे सिंहासनावर बसलेल्या माणसाच्या नावामागे वसुली अधिकाऱ्याचे पदनाम कायम होते. याचे कारण सरळ आहे. 'राजा' हा किताब कोणी देईल, कोणी नाकारील. 'सरदेसाई' या शब्दामागे मात्र वतनाचा कागद होता, आणि जमिनीवरचा हक्क त्या कागदातून येत होता.

दुसरी गोष्ट 'सावंत' या शब्दाची. संस्कृत 'सामंत' या शब्दापासून तो आला. संस्कृतात सामंत म्हणजे प्रथम सीमेलगतचा, शेजारी, आणि पुढे मांडलिक. दोन स्वरांमधील 'म'चा मराठीत 'व' होतो, हा ध्वनिनियम तुम्हाला ठाऊक आहे : ग्राम – गाव, नाम – नाव, सामंत – सावंत. याच प्रकारे राजकुल – राऊळ, राजपुत्र – राऊत ही परिवर्तने झाली. मालवण-कुडाळ भागातील सावंत, राऊळ, राऊत, राणे, नाईक, देसाई, प्रभू ही आडनावे मुळात पदनामे आहेत. आज ती शेतकऱ्याची, शिक्षकाची, खलाशाची, दुकानदाराची आडनावे आहेत. पद गेले, नाव उरले. म्हणून आडनावावरून एखाद्या कुटुंबाच्या पूर्वीच्या हक्काचा तर्क करता येतो, पण ते हक्काचा पुरावा होऊ शकत नाही. गावोगावच्या मानपानाच्या वादात हा भेद अनेकदा विसरला जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१. वतनाचे तीन घटक कोणते?
२. 'सामंत – सावंत' या परिवर्तनात कोणता ध्वनिनियम दिसतो?

४.२.३ माणसाला गावाचे नाव, गावाला माणसाचे नाव

नॉर्मन सरदार इंग्लंडात उतरले, तेव्हा त्यांनी आपल्या मूळ गावांची नावे बरोबर आणली. फ्रेंचमध्ये 'द' म्हणजे 'चा'. रॉजर द मॉन्टगमरी म्हणजे नॉर्मंडीतील मॉन्टगमरी गावचा रॉजर. पर्सी हे घराणे पर्सी गावचे. स्कॉटलंडच्या राजपदापर्यंत पोचलेले ब्रूस घराणे नॉर्मंडीतील ब्री या गावचे. पुढे उलटा प्रवासही झाला. इंग्लंडमधील मेल्टन हे गाव मोब्रे घराण्याकडे गेले, तेव्हा त्याचे नाव मेल्टन मोब्रे झाले. वेल्सच्या सीमेवर तर मॉन्टगमरी नावाचे नवे गावच वसले. घराण्याने गावाचे नाव घेतले आणि ते दुसऱ्या देशातील गावाला दिले.

मराठीतही हे दोन्ही प्रवास दिसतात. '-कर' हा प्रत्यय पाहा : वराडचा तो वराडकर, पेंडूरचा पेंडुरकर, आचऱ्याचा आचरेकर, नेरूरचा नेरुरकर. '-वाडी' हा उलटा प्रवास आहे : देसायांची देसाईवाडी, परबांची परबवाडी आणि सावंतांची सावंतवाडी.

साम्य येथपर्यंतच. नॉर्मन 'द' बहुधा मालकी जाहीर करतो, '-कर' केवळ ठिकाण सांगतो. 'द पर्सी' हा पर्सी गावाचा धनी घराणेदार होता. वराडकर हा वराडचा धनी असेलच असे नाही. तो कोणत्याही जातीचा, कोणत्याही व्यवसायाचा असू शकतो. शिवाय गावात राहणाऱ्याला गावावरून कोणी हाक मारीत नाही. गाव सोडून बाहेर गेलेल्याला लोक त्याच्या गावावरून ओळखू लागतात. त्यामुळे '-कर' हा प्रत्यय पुष्कळदा स्थलांतराची खूण असतो. याला महत्त्वाचा अपवाद 'गावकर' या शब्दाचा. येथे '-कर' कोणत्याही विशिष्ट गावाला लागलेला नाही, तो 'गाव' याच शब्दाला लागलेला आहे. जे गावाचे मूळ वसवणारे मानले जातात, ते गावकर. दक्षिण कोकण व गोमंतकात हा शब्द आडनाव आहे आणि अधिकारनामही आहे.

सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत 'कबुलायतदार गावकर' ही संज्ञा आजही वादाचा विषय आहे. गावाच्या साऱ्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या गावकऱ्यांच्या नावे असलेल्या जमिनींचा हा प्रश्न आहे. या एका संज्ञेत तीन थर आहेत : 'कबुलायत' अरबीतून आलेला, '-दार' फारसी, 'गावकर' देशी. शासनाशी झालेला करार परक्या शब्दांत आणि गावाशी असलेले नाते आपल्या शब्दात, असा हा समास आहे. याच निरीक्षणाचा आता विस्तार करू.

४.२.४ हक्काची भाषा आणि कष्टाची भाषा

पुढील दोन गट वाचा.

गट पहिला : जमीन, मालक, हक्क, वारस, हिस्सा, तक्षीम, सनद, इनाम, मिरास, वतन.
गट दुसरा : शेत, मळा, नांगर, बांध, पेरणी, लावणी, कापणी, झोडणी, भात, कणगी.

पहिल्या गटातील सर्व शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. दुसऱ्या गटातील शब्द संस्कृत-प्राकृत परंपरेतील वा देशी आहेत. पहिला गट जमीन कोणाची हे सांगतो, दुसरा गट जमिनीवर काय केले जाते हे सांगतो. पहिला कागदावरचा आहे, दुसरा चिखलातला.

इंग्रजीत नॉर्मन विजयानंतर असेच झाले. लँड, फील्ड, प्लाऊ, रीप हे शब्द जुन्या इंग्रजीचे राहिले. इस्टेट, टेनंट, रेंट, एअर (म्हणजे वारस) हे शब्द फ्रेंचमधून आले. विशेष म्हणजे त्यांपैकी 'इस्टेट' हा शब्द इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि 'वडिलोपार्जित इस्टेट' या शब्दप्रयोगात इतका रुळला की तो परका वाटतच नाही.

यावरून 'मालकीची कल्पनाच परकीयांनी आणली' असा निष्कर्ष काढू नये. दाय, दायाद, वृत्ती, अग्रहार हे संस्कृत शब्द जुने आहेत. वारशाची वाटणी कशी करावी यावर विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळातील आहे. बदलली ती दप्तराची भाषा. हक्क सिद्ध करावयाचा तो दप्तरात, म्हणून दप्तराचे शब्द हक्काचे शब्द झाले.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तीन काळांतील तीन पत्रांच्या शब्दांची मोजदाद केली होती. १६२८ च्या पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण सुमारे १४ टक्के, १६७७ च्या पत्रात सुमारे ६२ टक्के आणि १७२८ च्या पत्रात सुमारे ९३ टक्के आढळले. मधल्या काळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार होऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. अशा परिस्थितीतही वतन, इनाम, हक्क, वारस, सनद हे शब्द हलले नाहीत. सामान्य व्यवहारातील शब्द बदलता येतो. ज्या शब्दावर कोणाची तरी मिळकत उभी आहे तो बदलणे कठीण असते, कारण शब्द बदलला तर जुन्या कागदाशी असलेला दुवा तुटेल अशी भीती असते.

'मिळकत' हा शब्दही तपासून पाहा. त्याचे नाते अरबी 'मिल्कियत' या शब्दाशी सांगितले जाते. मराठी कानाला मात्र त्यात 'मिळणे' हे क्रियापद ऐकू येते. परक्या शब्दाला देशी मूळ लाभल्यासारखे वाटणे, यास लोकव्युत्पत्ती म्हणतात.

४.२.५ वाटणी आणि पुरावा

अँग्लो-नॉर्मन घराण्यांत ज्येष्ठाधिकार रूढ झाला. सर्व जमीन थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकट्यांनी लष्कर, चर्च वा चांगले लग्न यांचा मार्ग धरावा, अशी रीत पडली. मुलगा नसेल तर मुलींमध्ये समान वाटणी होई. आपल्याकडे भावांचा समान हक्क मान्य होता. त्यामुळे वतनाच्या उत्पन्नाच्या तक्षिमा पडत. अरबी 'तक्सीम' म्हणजे वाटणी, तीच मराठीत 'तक्षीम' झाली. मान मात्र वाटता येत नाही. होळीची पहिली पूजा दोघांना करता येत नाही. म्हणून उत्पन्न सर्वांत वाटून घेऊन वडीलकीचा मान थोरल्या शाखेकडे ठेवण्याची पद्धत पडली. जुन्या कागदपत्रांतील पुष्कळशी भांडणे शेताच्या तुकड्यापेक्षा या मानाची आहेत. 'भाऊबंदकी' या शब्दाला मराठीत नात्याचा नव्हे, भांडणाचा अर्थ का चिकटला, याचे उत्तर येथे सापडते.

वाद निर्माण झाला की गोतसभा बसे. निर्णयाचा साक्षीपत्ररूप कागद म्हणजे महजर. त्यावर वतनदारांच्या निशाण्या असत, पाटलाची निशाणी नांगर. लिहिता न येणाऱ्यानेही आपल्या अवजाराच्या चित्राने साक्ष द्यावी, ही व्यवस्था लक्षणीय आहे. कष्टाची भाषा हक्काच्या कागदावर उमटते ती येथे, चित्ररूपाने.

नवा राज्यकर्ता आला की जुन्या हक्काचा पुरावा मागतो. इंग्लंडात १०८६ मध्ये 'डूम्सडे बुक' ही पाहणी झाली. पूर्वीच्या राजाच्या काळी जमीन कोणाकडे होती व आता कोणाकडे आहे, हे त्यात गावोगाव विचारले गेले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिल्या एडवर्ड राजाने सरदारांना 'कोणत्या अधिकाराने हा हक्क भोगता?' असे विचारले. तेव्हा एका सरदाराने गंजलेली तलवार पुढे करून 'हाच माझा पुरावा' असे उत्तर दिल्याची कथा एका इतिवृत्तकाराने नोंदवली आहे. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना सनदा दाखवाव्या लागल्या. ज्यांची सनद वाळवीने खाल्ली होती, त्यांच्या हाती तलवारीची कथाही उरली नव्हती.

सरहद्द बदलली म्हणजेही हक्कास नवी भाषा मिळते. १८१२ च्या तहांनी कोल्हापूरकरांकडून मालवण आणि वाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगीजांकडे गेले होते. पेडण्याच्या देशप्रभू घराण्यास पोर्तुगीज राजवटीत 'व्हिस्कोंद' हा युरोपीय सरदारी किताब मिळाला. सत्तरीच्या राणे घराण्याने आपल्या हक्कांसाठी एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीजांविरुद्ध वारंवार बंडे केली. त्यांपैकी दीपाजी राणे यांचे १८५२ मधील बंड प्रसिद्ध आहे. पूर्वी एकाच मुलखातील असलेल्या घराण्यांचे हक्क अशा रीतीने तीन दप्तरांत, तीन भाषांत विभागले गेले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१. 'कबुलायतदार गावकर' या संज्ञेतील भाषिक थर सांगा.
२. फारसी शब्दांचे प्रमाण घटूनही वतनविषयक शब्द का टिकले?

४.२.६ नोंदीतील आणि नोंदीबाहेरची माणसे

आतापर्यंत आपण हक्कदारांचे शब्द पाहिले. आता दुसरी बाजू पाहू.

खोत हा शब्द जुना आहे. चौदाव्या शतकातील इतिहासकार बरनी याने उत्तरेतील गावप्रमुखांच्या संदर्भात त्याचा उल्लेख केला आहे. कोकणात खोत गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी घेई आणि कुळांकडून आपला भाग वसूल करी. त्याच्याखालील शेतकऱ्यांची वर्गवारी शब्दांतच दिसते. धारेकरी तो, जो केवळ सरकारी धारा देई. अर्धेलकरी तो, जो निम्मे पीक देई. शेतकऱ्याची ओळख त्याने काय पिकवले यावरून नव्हे, काय दिले यावरून झाली.

१८८० च्या खोती कायद्याने रत्नागिरी जिल्ह्यातील या संबंधांस कायद्याची चौकट दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ चा आहे. तत्पूर्वी १९४८ मध्ये कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळास मालकीचा मार्ग खुला झाला.

'वतन' या शब्दाचा आणखी एक अर्थ पाहिल्याशिवाय हा घटक पूर्ण होणार नाही. देशमुखाला वतन होते, तसेच महारालाही वतन होते. शब्द तोच, कायदाही तोच, म्हणजे १८७४ चा वतन कायदा. पण देशमुखाचे वतन म्हणजे सत्ता, आणि महाराचे वतन म्हणजे अल्पशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात गावाची व सरकारची अहोरात्र चाकरी. वंशपरंपरेने हक्क मिळतो तशी वंशपरंपरेने बांधिलकीही मिळते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, ते याच कारणाने. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. अभिमानाने 'आम्ही वतनदार' म्हणणाऱ्याने या शब्दाचा हा दुसरा अर्थही जाणून घ्यावा.

स्त्रियांची नोंदही अशीच शोधावी लागते. १८८६ च्या दुरुस्तीने वतनाच्या वारसाक्रमात शेवटच्या धारकाची विधवा वगळता स्त्रियांना घराण्यातील पात्र पुरुषांच्या मागे ठेवले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क प्रस्थापित झाला. तरी व्यवहारात बहिणीच्या वाट्याला पुष्कळदा एकच कागद येतो, आणि त्याचे नाव हक्कसोडपत्र. या समासातील पहिला शब्द तिला कायद्याने दिलेला आहे, दुसरा नात्याने मागितलेला.

शेवटी 'कुळ' हा शब्द पाहू. संस्कृत 'कुल' म्हणजे वंश, घराणे. कुलदैवत, कुळाचार, कुळी या शब्दांत तो अर्थ जिवंत आहे. महसुलाच्या भाषेत सारा देणारे एकेक घर म्हणजे एकेक कुळ. गावाचा हिशेब कुळवार ठेवला जाई आणि तो ठेवणारा कुलकर्णी. पुढे अर्थसंकोच होऊन दुसऱ्याची जमीन कसणारा तो कुळ झाला. अशा रीतीने 'थोर कुळातील माणूस' आणि 'देसायांचे कुळ' या दोन शब्दप्रयोगांत एकच शब्द समाजाच्या दोन टोकांना उभा आहे. जमीन वारशाने घेणारे घर तेही कुळ, आणि ती कसणारे घर तेही कुळ. मराठी भाषेने दोघांना एकच नाव दिले, दप्तराने मात्र एकालाच घराणे मानले.

४.३ सारांश

'वतन' या अरबी शब्दाचा मराठीत 'मायभूमी'पासून 'वंशपरंपरागत हक्क' असा अर्थबदल झाला. दक्षिण कोकणातील देसाई, सावंत, खोत, गावकर हे शब्द पदनामे व आडनावे असे दुहेरी जीवन जगले. नॉर्मन इंग्लंडप्रमाणेच येथेही जमिनीच्या हक्काचे शब्द राज्यकर्त्यांच्या दप्तरातून आणि कष्टाचे शब्द देशी भाषेतून आले. मात्र '-कर' हा प्रत्यय नॉर्मन 'द'प्रमाणे मालकी सांगत नाही, आणि वारशाची वाटणीही भिन्न तत्त्वावर झाली. वतने कायद्याने गेली, शब्द आणि मान उरले. म्हणून शब्दाला हक्काचा पुरावा न मानता इतिहासाचा पुरावा मानावे.

सातबाराच्या उताऱ्यातच हा घटक सामावलेला आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. वर हक्क, खाली पीक. आपण सहसा वरची नावे वाचून कागद घडी घालतो. खालचा भागही वाचावा, आणि ते पीक कोणाच्या हातांनी आले हे विचारावे.

४.४ पारिभाषिक शब्द

• तक्षीम – वाटणी, वतनातील हिस्सा.
• देसगत – देसायाचे वतन.
• गोतसभा – वतनाचे तंटे सोडवणारी स्थानिक सभा.
• महजर – सभेच्या निर्णयाचा साक्षीपत्ररूप लेख.
• धारेकरी – केवळ सरकारी सारा देणारा जमीनधारक.
• ज्येष्ठाधिकार – थोरल्या अपत्याकडे संपूर्ण वारसा जाण्याची रीत.
• लोकव्युत्पत्ती – शब्दाच्या खऱ्या उगमाऐवजी ध्वनिसाम्यावरून लोकांनी लावलेला उगम.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) काम, उत्पन्न व मानपान. (२) दोन स्वरांमधील 'म'चा 'व' होणे. जसे ग्राम – गाव, नाम – नाव.

प्रश्न – २ : (१) अरबीतून आलेला 'कबुलायत', फारसी '-दार' आणि देशी 'गावकर'. (२) या शब्दांवर जुन्या सनदा व हक्क अवलंबून होते. शब्द बदलल्यास कागदाशी असलेला दुवा तुटण्याची भीती होती.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'वतन' या शब्दाच्या अर्थपरिवर्तनाची चर्चा करून, देशमुखी वतन व महार वतन यांच्या संदर्भात या शब्दाचे परस्परविरोधी अर्थ स्पष्ट करा.
२. नॉर्मन 'द' आणि मराठी '-कर' यांतील साम्यभेद उदाहरणांसह लिहा.
३. 'हक्काची भाषा व कष्टाची भाषा' या विभागणीस छेद देणारे किमान तीन शब्द शोधा व त्यांची चर्चा करा.
४. टिपा लिहा : (अ) कुळ (आ) वडीलकीचा मान (इ) इनाम कमिशन.

४.७ क्षेत्रीय कार्य

१. तुमच्या गावातील वाड्यांच्या नावांची यादी करा. घराण्यावरून, व्यवसायावरून, भूरूपावरून (कातळ, भरड, खाजण, मळा इ.) अशी वर्गवारी करून कोणता वर्ग मोठा आहे ते पाहा.
२. घरातील वा शेजारच्या एका ज्येष्ठ शेतकरी स्त्रीशी बोलून भातशेतीच्या कामांचे शब्द नोंदवा. ते तिच्या बोलीतच लिहा, प्रमाण मराठीत बदलू नका. नंतर त्याच शेताचा सातबारा मिळवून त्यावरील शब्दांची दुसरी यादी करा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्यांत समान शब्द किती आहेत ते मोजा आणि तुमचे निरीक्षण एका पानात लिहा.
३. गावच्या जत्रेतील मानाचा क्रम नोंदवा. प्रत्येक मानकऱ्याचे आडनाव व कामाचे नाव लिहा. कोणाचा मान योग्य यावर मत देऊ नका. अभ्यासकाचे काम नोंद करण्याचे आहे, निवाडा करण्याचे नाही.